कर्ण्यात मावले तेवढे गाणे

आष्टीत, म्हणजे परतूर तालुक्यातल्या आष्टीत (बीडचे आष्टी वेगळे, हे आपल्याला दर वेळी सांगावेच लागते), आज मोबाइलवर बालगंधर्वांचे नाव लिहिले की त्यांच्या जुन्या तबकड्या एका क्षणात वाजू लागतात. बालगंधर्वांबद्दल घरात खूप ऐकलेला एखादा तरुण हौसेने ते लावतो. पदे वन्समोअर घेत रंगायची, नाटक पहाटेपर्यंत चालायचे, लोक बैलगाड्या जुंपून कोसांवरून यायचे, असे त्याला आजी-आजोबांनी सांगितलेले असते. कानावर मात्र येते खरखर आणि बारीक, काहीसा नाकात अडकल्यासारखा आवाज. तबला नुसता टकटक करतो. शब्द अर्धे कळतात, अर्धे निसटतात. गाणे जरा चढते आहे म्हणेपर्यंत तीन मिनिटांत सगळे संपते. तरुणाला प्रश्न पडतो, की ज्यासाठी महाराष्ट्र वेडा झाला ते हेच का?

आजी-आजोबांचे सांगणे खोटे नाही आणि तबकडीही खोटी नाही. दोन्हींच्या मध्ये एक यंत्र उभे आहे. त्या यंत्राने गाण्यातले काय घेतले आणि काय गाळले हे समजले, तर तीच तबकडी वेगळी ऐकू येते.

कर्णा, पडदा आणि मेण

भारतात व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झाले ते नोव्हेंबर १९०२ मध्ये, कलकत्त्यात. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग यंत्रसामग्री घेऊन आला आणि त्याने गौहर जान यांच्यासह अनेक कलावंतांची गाणी मुद्रित केली. तेव्हापासून १९२५ नंतर नवे तंत्र येईपर्यंत जे मुद्रण झाले, त्यात वीज कुठेच नव्हती. मायक्रोफोन नाही, तारा नाहीत, आवाज लहानमोठा करण्याचे बटण नाही. मुद्रणाचे यंत्र फिरवण्यासाठी दोरीला जड वजन टांगलेले असे. ते सावकाश खाली उतरे आणि त्याच्या ओढीने चकती एका गतीने फिरत राही. स्प्रिंगची ओढ सुरुवातीला जास्त आणि शेवटी कमी पडते, वजनाची मात्र सारखी राहते, म्हणून ही व्यवस्था.

गायकाने तोंड घालायचे ते पत्र्याच्या मोठ्या कर्ण्यात. आवाज म्हणजे हवेतली थरथर. रुंद तोंडातून आत शिरलेली ती थरथर कर्ण्याच्या निमुळत्या टोकाशी एकवटते आणि तिथल्या पातळ पडद्यावर आदळते. पडदा हलतो. पडद्याला जोडलेली सुई हलते. सुईखाली मेणाची जाड चकती फिरत असते. सुई त्या मेणात गोल गोल, बाहेरून आत जाणारी एकच बारीक चर कापत जाते आणि कापताना पडद्याच्या हुकमाप्रमाणे डावी-उजवीकडे डुलते.

शेतात तिफण चालवणाऱ्याने बघावी अशीच ही गोष्ट आहे. बैल शांत असले की तास सरळ पडतो, बैल बिथरले की तास वाकडा होतो. दुसऱ्या दिवशी शेतावर येणारा माणूस नुसता तास बघून सांगू शकतो की बैल कुठे उधळले होते. तबकडीवरची चर म्हणजे असाच तास, आणि त्याचे वाकणे म्हणजे गाणे. मोठा आवाज म्हणजे तासाचे वळण रुंद, हळू आवाज म्हणजे वळण अगदी नाममात्र. उंच स्वर म्हणजे वळणे दाट, खालचा स्वर म्हणजे वळणे विरळ. वाजवताना हाच क्रम उलटा होतो. सुई त्या तासातून चालते, तासाप्रमाणे डुलते, पडदा हलवते आणि कर्ण्यातून आवाज बाहेर येतो.

या व्यवस्थेत सुई डुलवायला बाहेरून कसलीही शक्ती मिळत नाही, हे ध्यानात घ्यायला हवे. मेण कापण्याचे काम गायकाचा श्वासच करतो. म्हणून हळुवार, कुजबुजता स्वर नोंदलाच जात नसे. खुला, ठणठणीत, फेकलेला आवाज लागे. संगीत नाटकातल्या नटांकडे तो होता, कारण ध्वनिवर्धकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचण्याची त्यांना सवय होती. उलट फार जोरात तान गेली तर सुई इतकी डुले की शेजारच्या चरीत घुसे आणि चकती वाया जाई. त्यामुळे उंच स्वराला मान मागे घ्यायची, खालच्या स्वराला कर्ण्याजवळ जायचे, अशी कसरत गाता गाता करावी लागे.

गाणे झाले की ते लगेच ऐकण्याची सोय नव्हती. मऊ मेणावर सुई फिरवली की चर बिघडे. आपण कसे गायलो हे कलावंताला महिन्यांनी, तबकडी छापून आल्यावर कळे.

तीन मिनिटे कशामुळे?

गाणी तीन मिनिटांची असावीत असे कुणी संगीतज्ञाने ठरवलेले नाही. हा साधा जमिनीचा हिशोब आहे. दहा इंची तबकडीच्या मधोमध लेबल असते. बाहेरची कड आणि लेबल यांच्यामध्ये चर कापायला साधारण अडीच इंचांची पट्टी उरते. एका इंचात शंभराच्या आसपास चरी बसतात. त्याहून दाट घेतल्या तर डुलणाऱ्या चरी एकमेकींत घुसतात. म्हणजे एकूण २५० फेऱ्या. तबकडी मिनिटाला ७८ वेळा फिरते. २५० भागिले ७८ केले की येतात ३.२ मिनिटे. बारा इंची तबकडीवर चार-साडेचार मिनिटे मिळत. दहा इंची तबकडीवरची ती एकच चर सरळ उलगडून ठेवली तर सुमारे १४० मीटर भरेल.

आता रंगभूमीच्या बाजूला काय होते ते पाहा. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले आणि दोन वर्षांनी, नोव्हेंबर १८८२ मध्ये ‘सौभद्र’. पदे शेकड्यांच्या घरात, प्रयोग रात्रभराचा. पुढे ‘मानापमान’ (१९११, चाली गोविंदराव टेंबे यांच्या) आणि ‘स्वयंवर’ (१९१६, चाली भास्करबुवा बखले यांच्या) ही नाटके आली, तेव्हा पदांना थेट ख्याल-ठुमरीचा विस्तार मिळाला. नटाने पदाचा मुखडा घ्यायचा, पेटीवाल्याने तो झेलायचा, प्रेक्षकांनी ‘वन्समोअर’ म्हणायचे, आणि पुन्हा तेच पद नव्या जागा दाखवत उभे राहायचे. हे सगळे अडीच इंचांच्या पट्टीत बसवायचे म्हटल्यावर काही तरी सोडावे लागणारच.

सर्वांत आधी गेली ती सावकाशी. आलापाला जागा नव्हती. ठेका थोडा चढवून धरला जाई. मुखडा, अंतरा, दोन-चार चपळ ताना, एखादी खास जागा आणि लगेच शेवट. मला यात नुसते नुकसान दिसत नाही. तीन मिनिटांत सगळे सांगायचे तर गायकाला आपल्याकडचे उत्तम ते निवडावे लागे, आणि अशा काही तबकड्यांत एकही सूर वाया गेलेला नाही. रंगभूमीवर मात्र तेच पद कधी ताणलेही जाई, तक्रारी होतील इतके. तेव्हा तबकडी म्हणजे प्रयोगाचा तुकडा नव्हे. यंत्रासाठी मुद्दाम बेतलेले ते वेगळेच गाणे आहे.

वाग्नरची अडचण आपल्याहून मोठी

मराठी संगीत नाटकाची ही गत, तर युरोपातल्या ऑपेराचे काय झाले असेल? रिचर्ड वाग्नर हा जर्मन ऑपेरा-रचनाकार आपल्या किर्लोस्करांचा समकालीन. दोघेही शब्द आणि संगीत दोन्ही स्वतः रचणारे. वाग्नरचा शेवटचा ऑपेरा ‘पार्सिफाल’ १८८२ च्या जुलैत बायरॉइट इथे झाला, ‘सौभद्र’ त्याच वर्षी नोव्हेंबरात. वाग्नर १८८३ मध्ये गेला, किर्लोस्कर १८८५ मध्ये. दोघांच्याही हयातीत त्यांचे संगीत मुद्रित झाले नाही.

वाग्नरची ‘रिंग’ ही चार नाटकांची माळ सगळी मिळून सुमारे पंधरा तासांची. तीन मिनिटांच्या हिशोबाने ३०० बाजू! शिवाय वाद्यवृंदात शंभराच्या आसपास वादक. ते एका कर्ण्यासमोर उभे तरी कसे करायचे? म्हणून सुरुवातीला वाग्नरचे एखादे गीत, तेही पियानोवर किंवा मूठभर वादकांना घेऊन, एवढेच मुद्रित झाले. व्हायोलिनचा नाजूक आवाज कर्ण्यापर्यंत पोचत नाही म्हणून लाकडी पेटीऐवजी पत्र्याचा भोंगा लावलेले ‘स्ट्रो व्हायोलिन’ वापरात आले. खर्जातल्या तंतुवाद्यांच्या जागी पितळी तुतारीच्या कुळातली ट्यूबा बसवली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा ग्रंथपाल लायोनेल मेपलसन याने १९०१ ते १९०३ या काळात चालू प्रयोगांचे तुकडे मेणाच्या नळकांड्यांवर टिपले. त्यात वाग्नरही आहे, पण गोंगाटातून तो शोधावा लागतो. संपूर्ण ‘रिंग’ स्टुडिओत नीट मुद्रित झाली ती थेट १९५८ ते १९६५ या काळात, डेक्का कंपनीसाठी, जॉर्ज शोल्टीच्या संचालनाखाली.

एका बाबतीत मात्र जर्मनांचे नशीब आपल्यापेक्षा बरे. लिली लेमान ही गायिका १८७६ च्या पहिल्या ‘रिंग’मध्ये खुद्द वाग्नरच्या देखरेखीखाली गायली होती. पुढे साठीच्या उंबरठ्यावर असताना तिने ओडियन कंपनीसाठी गाणी मुद्रित केली. पहिला पार्सिफाल झालेला हेरमान विंकलमान याचाही आवाज तबकडीवर आहे. किर्लोस्करांची गादी गाजवणारे गायक-नट भाऊराव कोल्हटकर मात्र फेब्रुवारी १९०१ मध्ये, अवघ्या अडतिसाव्या वर्षी वारले. गायसबर्ग भारतात उतरला त्यानंतर दीड-पावणेदोन वर्षांनी. ज्या आवाजावर एक पिढी पोसली, तो आपल्याला फक्त वर्णनांत वाचता येतो.

लाख इकडची, छपाई तिकडची

मराठी तबकड्यांचे जर्मनीशी याहून थेट नातेही आहे. सपाट तबकडीचा ग्रामोफोन शोधून काढणारा एमिल बर्लिनर मूळचा हॅनोवरचा. त्याच गावात १८९८ मध्ये तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला. भारतात मुद्रित केलेली मेणे बोटीने तिकडे जात. तिथे मेणावर वीज खेळवता यावी म्हणून ग्राफाइटची पूड चोळत आणि त्यावर तांब्याचा थर चढवत. तो सोलून काढला की चरीचा उलटा ठसा मिळे, म्हणजे खड्ड्याच्या जागी उंचवटा. या ठशाखाली गरम, मऊ लगदा दाबला की तबकडी तयार. मग ती पुन्हा समुद्र ओलांडून मुंबई-कलकत्त्याला येई. गौहर जान गाणे संपताच स्वतःचे नाव इंग्रजीत पुकारताना ऐकू येतात. गाण्याची भाषा न कळणाऱ्या कारखान्यातल्या माणसांना लेबल कोणते लावायचे ते समजावे, म्हणून ही युक्ती होती असे सांगतात.

हा लगदा कसला? लाखेचा. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचा किडा जो राळेसारखा थर करतो, तो वितळवून, गाळून चपडा तयार होतो. सुतार लाकडाला पॉलिश करायला स्पिरिटमध्ये विरघळवतात तोच हा चपडा. त्याचा मोठा पुरवठा जगाला भारतातून, विशेषतः छोटा नागपूरच्या जंगलांतून होई. म्हणजे बर्लिनमधल्या ऑपेराच्या तबकडीतही लाख आपलीच. कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला तो १९०८ मध्ये आणि मग तबकड्या इथेही छापल्या जाऊ लागल्या.

नुसत्या चपड्याची तबकडी होत नाही. त्यात दगडाची बारीक पूड, काजळी आणि कापसाचे तंतू घालत. दगडाची पूड मुद्दाम असे. पोलादी सुई चरीत टेकताच पहिल्या काही फेऱ्यांत घासून चरीच्या आकाराची व्हावी, हा हेतू. त्यासाठीच प्रत्येक बाजूला नवी पिन लावायचा नियम होता, आणि तो न पाळणाऱ्या घरातल्या तबकड्या करड्या पडत. जुन्या तबकड्यांतली ती सततची खरखर बऱ्याच अंशी या पुडीवरून सुई घासल्याची आहे. तिचा गाण्याशी किंवा मुद्रण करणाऱ्याच्या निष्काळजीपणाशी काही संबंध नाही.

वाजवायच्या यंत्रालाही वीज नको होती. चावी दिली की स्प्रिंगवर चाले. त्यामुळे विजेचा दिवा पोचायच्या कितीतरी आधी ग्रामोफोन खेड्यापाड्यांत पोचू शकला. निजामाच्या हैदराबाद संस्थानातला आपला मराठवाडाही त्याला अपवाद नव्हता. नाटक कंपनीला बिऱ्हाड हलवायला रेल्वे लागे, मुक्कामाला थिएटर लागे. तबकडीला एक पेटी आणि एक ओसरी पुरे.

कर्ण्याला काय ऐकू येत नव्हते

माणसाचा निरोगी कान सेकंदाला २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकतो. कर्णा आणि पडदा मिळून साधारण २०० ते २,००० एवढाच पट्टा बऱ्यापैकी पकडत. त्याच्या खालचे आणि वरचे जवळजवळ सगळे गळून जाई. तबकडीबद्दलच्या बहुतेक कोड्यांचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

तबल्याचे पाहा. बाया जो भरदार घुमारा देतो त्याची कंपने शंभराच्या आसपास किंवा त्याखाली, म्हणजे पट्ट्याच्या बाहेर. दाया मात्र वर सापडतो. म्हणून जुन्या तबकडीत ठेका नुसता टकटकतो. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवाँसारखा तबलजी होता. अशा वादकाचा डावा हात जुने यंत्र पकडतच नाही. तंबोऱ्याचा मंद झंकारही हरवतो. पेटी आणि ऑर्गन मात्र ठळक येतात, कारण त्यांच्या पट्ट्यांचा आवाज नेमका मधल्या भागात दाटलेला असतो. सारंगीलाही जागा मिळते, पण तिची तकाकी कमी होते.

शब्दांची गंमत याहून वेगळी. ‘आ’, ‘ओ’ असे स्वर खालच्या-मधल्या पट्ट्यात असतात, पण स, श, च, छ या व्यंजनांची सळसळ बव्हंशी कर्ण्याच्या पट्ट्याच्या वर असते. ती नोंदलीच गेली नाही, तर ‘सखी’ ऐकताना कान पुढच्या अक्षरांवरून अंदाज करतो. ज्याला पद पाठ आहे त्याला तबकडीतले शब्द स्वच्छ कळतात. ज्याला पाठ नाही त्याला वाटते की गायकाचे उच्चार खराब आहेत. नाट्यगीते ऐकताना पदाचा कागद समोर ठेवून बघा, अर्धी तक्रार तिथेच मिटेल.

मग खालच्या पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचे काय? काळी एक ही पट्टी घेतली तर मध्य षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा, म्हणजे कर्ण्याच्या हद्दीबाहेर. तरीही तबकडीत तो आपल्याला त्याच उंचीवर ऐकू येतो. याचे कारण यंत्रात नाही, आपल्या मेंदूत आहे. कोणताही स्वर एकटा नसतो. १३९ बरोबर त्याची दुप्पट २७८, तिप्पट ४१७ अशी सोबतची कंपनेही असतात. कर्णा ही सोबत पकडतो, मुख्य कंपन सोडतो. मेंदूला या सोबत्यांमधले अंतर १३९ आहे हे जाणवते आणि तो गैरहजर षड्ज स्वतःच भरून काढतो. सूर जागेवर राहतो, पण त्यातले वजन जाते. आवाज बारीक, नाकातला वाटतो तो यामुळे. गायक तसा गात नव्हता.

अठ्ठ्याहत्तर म्हणजे नक्की किती?

तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते हे आपण धरून चालतो. पण हा आकडा पक्का झाला तो विजेच्या मोटारी आल्यावर. अमेरिकेतली मोटार मिनिटाला ३,६०० फेरे घेई, तिला ४६ दात्यांच्या प्रमाणात उतरवले की ७८.२६ येतात. त्याआधी कुणी ७४ वर, कुणी ८० वर, यंत्र त्या दिवशी जसे लावले असेल तसे मुद्रण होई.

समजा गाणे ७४ वर मुद्रित झाले आणि आज ते ७८ वर वाजवले. वेग साडेपाच टक्क्यांच्या आसपास वाढला. एका स्वरापासून लगतच्या स्वरापर्यंत, म्हणजे पेटीच्या एका पट्टीपासून पुढच्या पट्टीपर्यंत, अंतर सुमारे सहा टक्क्यांचे. म्हणजे काळी एकमध्ये गायलेले पद जवळजवळ पांढरी दोनमध्ये ऐकू येईल, लय चढेल आणि आवाज कोवळा, बायकी वाटेल. अमुक नट तेव्हा अमुक पट्टीत गात असे, असे नुसत्या तबकडीवरून छातीठोक सांगणाऱ्यांवर म्हणूनच फार विश्वास ठेवू नये. आंतरजालावर एकच तबकडी दोन वेगवेगळ्या उंचीवर ऐकायला मिळते, त्यामागेही बहुधा हेच असते.

मायक्रोफोन आला

१९२५ पासून अमेरिकेत आणि युरोपात, आणि त्या दशकाच्या अखेरपर्यंत आपल्याकडेही, विजेवरचे मुद्रण आले. आता मेण कापायला श्वासाची ताकद नको. मायक्रोफोन थरथर पकडून तिचे विजेत रूपांतर करतो, ती वीज वाढवता येते आणि सुई विजेच्या जोरावर कापते. पट्टा रुंदावून वर पाच हजार कंपनांपर्यंत गेला, खालीही शंभराच्या आसपास उतरला. बाया ऐकू येऊ लागला, शब्द उमटले, वाद्ये गायकाभोवती दाटीवाटीने उभी करण्याची गरज उरली नाही.

हा बदल कानाने तपासायचा तर बालगंधर्व सोयीचे, कारण त्यांच्या तबकड्या कर्ण्याच्या काळातल्याही आहेत आणि मायक्रोफोनच्याही. त्यांच्या तोडीचे गायक-नट केशवराव भोसले ऑक्टोबर १९२१ मध्ये गेले. त्याच वर्षी जुलैत ‘संयुक्त मानापमान’मध्ये बालगंधर्वांसमोर उभे राहून त्यांनी मुंबई गाजवली होती. त्यांचा जो आवाज तबकडीवर असेल तो कर्ण्याचाच. तेव्हा या दोघांची तुलना तबकड्यांवरून करायची तर बालगंधर्वांची कर्ण्याच्या काळातलीच तबकडी घ्यायला हवी, नाही तर तो केशवरावांवर अन्याय होईल. मास्टर दीनानाथांच्या गाजलेल्या तबकड्या बव्हंशी पुढच्या, विजेच्या काळातल्या. त्यांच्या तानेची धार आपल्याला इतकी स्वच्छ ऐकू येते याचे थोडे श्रेय काळालाही द्यावे.

तीन मिनिटांची मर्यादा मात्र तशीच राहिली आणि तिनेच एक नवा प्रकार घडवला. हळुवार गायलेलेही आता मुद्रित होत होते, त्यामुळे नाटकाच्या गोष्टीत न अडकलेले, छोटे, भावनेवर उभे असलेले भावगीत तबकडीवर छान बसले. गजानन वाटवे, ग. ना. जोशी यांची गाणी या घडणीतली. ग. ना. जोशी १९३८ मध्ये एच.एम.व्ही. या तबकड्यांच्या कंपनीत रुजू झाले आणि पुढे कित्येक मोठ्या गायकांचे मुद्रण त्यांच्या हातून झाले.

> चौकट : जुनी तबकडी ऐकताना
> एकाच बाजूला गाणे असलेली तबकडी सर्वांत जुन्या पिढीतली. ओडियनने १९०४ मध्ये दोन्ही बाजूंची तबकडी काढली आणि हळूहळू सगळ्यांनी ती उचलली.
> बाया अजिबात नसेल आणि ‘स’, ‘श’ विरघळत असतील तर मुद्रण बहुधा कर्ण्याचे.
> आवाज अनैसर्गिक कोवळा वाटला तर वेग तपासा.
> खरखर पूर्ण पुसलेली प्रत चांगलीच असते असे नाही. खरखर पुसताना गळ्याची झळाळीही पुसली जाते.

ज्यांनी चाल दिली ते गायलेच नाहीत

‘स्वयंवर’च्या चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. त्यांच्या स्वतःच्या गाण्याची तबकडी नाही. आपल्यापर्यंत त्यांची चाल पोचते ती बालगंधर्व, मास्टर कृष्णराव अशा शिष्यांच्या गळ्यातून, आणि त्यातही कर्ण्याने जितके पकडले तितकीच. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी ‘मानापमान’मधली पदे तबकडीवर गायली तेव्हा त्या पदांची चाल किराणा घराण्याच्या सुरेल, ओढाळ वळणाने आली. एकाच पदाची अशी दोन रूपे शेजारी ठेवून ऐकली की चाल कोणती आणि गायकाने तिच्यात घातलेले काय, हे वेगळे काढता येते. वाग्नरचे अभ्यासक लेमान आणि विंकलमान यांच्या अस्पष्ट तबकड्यांशी असेच झगडतात. आपल्याकडे हे काम अजून हौशी संग्राहकांच्याच खांद्यावर आहे. मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने त्यात मोठी भर घातली. विद्यापीठांतल्या संगीत विभागांनी याकडे आणखी लक्ष द्यायला हवे होते असे माझे मत आहे.

तेव्हा आष्टी, परतूर, मंठा, अंबड या भागातल्या वाचकांना एक विनंती. माळ्यावर, जुन्या पेटीत, वाड्याच्या कोनाड्यात काळ्या, जड तबकड्या सापडल्या तर त्या भंगारात घालू नका. स्पिरिटने पुसू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि चर कायमची जाते. स्वच्छ, किंचित ओल्या मऊ फडक्याने चरीच्या दिशेने पुसा आणि लगेच कोरडी करा. एकावर एक रचू नका, उन्हात ठेवू नका, उभ्या ठेवा. प्लास्टिकच्या एल.पी.साठीची सुई त्यांवर चालवू नका. जुनी चर तिच्या तिप्पट रुंद असते, सुई तळाशी घसटते आणि फक्त खरखर ऐकू येते. लेबलाचे आणि लेबलाभोवतीच्या गुळगुळीत भागात कोरलेल्या आकड्यांचे स्वच्छ फोटो काढा. तो आकडा म्हणजे त्या मेणाचा नंबर, आणि त्यावरूनच मुद्रण कोणते व कधीचे ते शोधता येते. तबकडीला तडा गेला असला तरी फेकू नका. सर्वांत जुन्या तबकड्यांपैकी काहींची आज एकुलती एक प्रत उरली आहे, आणि तडा गेलेली तबकडीही जाणकाराच्या हाती वाजू शकते.